भाजणीला भाजणीच म्हणा!

ऑनलाइन दुकानदारांना हल्ली सल्ला मिळतो: "थालीपिठाची भाजणी कोण शोधतंय? 'मल्टीग्रेन आटा' लिहा, गिऱ्हाईक वाढेल!" मला हा सल्ला साफ नामंजूर आहे. भाजणीत धान्यं-डाळी भाजून मग दळतात. आट्यात सहसा न भाजताच. पोळ्यांसाठी पीठ शोधणारा ती घेईल, फसेल, परत पाठवेल. आणि 'भाजणी' टाईप करणारा हात हलवत परत जाईल. पानात लपवलेल्या कीवर्डच्या यादीला गूगल क्रमवारी लावताना विचारतच नाही, हे त्यांनी २००९ सालीच सांगितलंय. शब्द हवेत ना? मग गिऱ्हाइकांचे फोन ऐका. 'उपासाची आहे का?', 'चकलीची आहे का?' तेच शब्द नावात घाला, देवनागरीत आणि रोमनमध्येही. आपल्याच मालाचं नाव घ्यायला लाजलात, तर तो कुणाला कसा सापडणार?