विशेष काही नाही



प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव. त्यांतले वनस्पतिप्लवक झाडांसारखेच उन्हावर अन्न तयार करतात आणि सागरातले बहुतेक जीव त्यांच्यावरच जगतात.

१९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या सागरी परिसंस्थेच्या अभ्यासक सॅली चिझम आणि त्यांचे सहकारी यांनी वैद्यकातले पेशी मोजणारे यंत्र बोटीवर नेले. अटलांटिकच्या पाण्यात त्याला अगदी मंद खुणा दिसू लागल्या. यंत्राचाच दोष असेल, असे आधी वाटले. पण खोलीप्रमाणे त्या बदलत होत्या, आणि यंत्राचा दोष काही खोली पाहून बदलत नाही! १९८८ मध्ये शोध जाहीर झाला. हा जीव म्हणजे प्रोक्लोरोकोकस, प्रकाशावर जगणाऱ्यांत सर्वांत लहान आणि संख्येने सर्वांत जास्त. एका मिलिलिटर पाण्यात लाखभरसुद्धा सापडतात.

याच चिझम १९९४ मध्ये एमआयटीच्या सोळा प्राध्यापिकांत होत्या. जागा कमी, पगार कमी, समित्यांवर नाव नाही. प्रत्येकीला वाटे, हे आपल्यापुरतेच. त्यांच्यातल्या नॅन्सी हॉपकिन्स यांनी तर टेप घेऊन प्रयोगशाळा मोजल्या. आकडे एकत्र ठेवले तेव्हा चित्र उमटले. १९९९ च्या अहवालात संस्थेला ते मान्य करावे लागले. (पुरावा मागायची आपल्याकडेही सर्वांना भारी हौस!)

आपल्या सल्ला केंद्रात बायका बोलायला लागतात तेच मुळी "तसं विशेष काही नाही हो" म्हणून. मी हल्ली तेही वहीत लिहून ठेवते, तारखेसकट.