भिजत घोंगड्याचे अर्थशास्त्र

चालढकलीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतांशी उपदेशपर असते. आळस हा माणसाचा शत्रू आहे, पहाटे उठावे, कामांची यादी करावी, मनोनिग्रह वाढवावा, इत्यादी. सरकारी प्रशिक्षण संस्थांतही वेळेच्या नियोजनावर एखादे सत्र ठेवलेले असते. व्याख्याते फळ्यावर चार चौकोन काढतात, ‘तातडीचे’ आणि ‘महत्त्वाचे’ यांतला फरक समजावतात, श्रोते तो वहीत उतरवून घेतात आणि सोमवारी कार्यालयात सारे पूर्ववत् चालू होते. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की येथे औषध निरुपयोगी ठरते, कारण मुळात निदानच चुकलेले आहे.

दिरंगाई करणारा माणूस आळशी असतोच असे नाही. रात्री आठपर्यंत कार्यालयात बसणारे, रविवारीही येणारे कितीतरी अधिकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याच टेबलावर सहा-सहा महिने पडून राहिलेल्या फायलीही पाहिल्या आहेत. ते दिवसभर काम करतात, पण सोपे काम करतात. अवघड निर्णयाची फाईल ढिगाच्या तळाशी जाते आणि रजेचे अर्ज, बैठकांची इतिवृत्ते, स्मरणपत्रांना उत्तरे हे वर येते. या प्रवृत्तीला आळस म्हणणे म्हणजे तिला सोपे करून टाकणे होय.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा १९९१ सालचा चालढकल आणि आज्ञाधारकपणा या विषयावरील निबंध ठाऊक असेल. त्याची सुरुवात आपल्या देशातील एका अनुभवाने होते. अ‍ॅकरलॉफ वर्षभर भारतात राहिले होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ त्यांना भेटून गेले आणि त्यांचे कपड्यांचे एक खोके मागे राहिले. ते अमेरिकेला पाठवायचे होते. आपल्या कचेऱ्यांची संथ गती लक्षात घेता या कामात एक अख्खा दिवस जाईल, असा अ‍ॅकरलॉफ यांचा अंदाज होता. मग आठ महिन्यांहून अधिक काळ ते रोज सकाळी ‘उद्या नक्की पाठवू’ असे ठरवत राहिले. अखेर दुसऱ्या एका मित्राचे सामान जाणार होते, त्यासोबत ते खोके गेले. पुढे २००१ साली या दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात बुद्धी किंवा उद्योगशीलता यांचा येथे अभाव नव्हता.

अ‍ॅकरलॉफ यांचे विवेचन थोडक्यात असे: आजचा त्रास डोळ्यांसमोर असतो म्हणून तो मोठा दिसतो, उद्याचा त्रास लहान भासतो. एका दिवसाच्या विलंबाने होणारे नुकसान क्षुल्लक असते, म्हणून आज टाळणे रोजच शहाणपणाचे वाटते. परंतु अशा अडीचशे शहाणपणांची बेरीज मूर्खपणात होते. माझ्या मते व्यक्तीच्या चालढकलीचे याहून नेमके वर्णन दुसरे नाही.

परंतु सरकारी कार्यालयातील चालढकल याहून एक पाऊल पुढची आहे. स्वतःचे काम लांबवणाऱ्या माणसाला त्याची किंमत कधी ना कधी स्वतःच मोजावी लागते. कार्यालयात निर्णय लांबवणारा एक असतो आणि किंमत मोजणारा दुसराच. सही केली तर उद्या लेखापरीक्षणाचा आक्षेप येऊ शकतो, दक्षता विभाग प्रश्न विचारू शकतो. सही केली नाही तर काहीच होत नाही. अशा हिशेबात ‘कृपया चर्चा करावी’ हे तीन शब्द सर्वांत स्वस्त ठरतात. ‘पूर्वीचे दाखले शोधून पुन्हा सादर करावे’, ‘विधी विभागाचे मत घ्यावे’, ‘वित्त विभागाचीही संमती घेणे इष्ट राहील’ हे त्यांचेच भाऊबंद.

या शेऱ्यांपैकी प्रत्येक शेरा कधीतरी योग्य असतो, हे मी नाकारत नाही. पण कसोटी सोपी आहे. आज विचारलेला प्रश्न फाईल प्रथम आली तेव्हाच विचारता आला असता काय? एका कार्यालयात मी कुटुंब निवृत्तिवेतनाचे एक प्रकरण पाहिले. मृत कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात पत्नीचे नाव एका प्रकारे लिहिले होते, बँकेच्या खात्यात दुसऱ्या प्रकारे. पहिल्यांदा प्रतिज्ञापत्र मागवले गेले. ते आल्यावर विवाहाचा पुरावा मागवला गेला. तो आल्यावर पूर्वी असे प्रकरण कसे हाताळले होते याचा शोध सुरू झाला. अकरा महिने गेले. तिन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी एका पत्रात मावले असते. त्या अकरा महिन्यांत त्या बाईंनी घरभाडे कशातून भरले, हा प्रश्न त्या फाईलवर कोणालाही पडलेला दिसत नाही. प्रत्येक टिपणी व्याकरणशुद्ध होती आणि नियमाला धरून होती.

दिरंगाईचे कारण आळस नाही, याचा सर्वांत सबळ पुरावा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याने दिला आहे. त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर, त्याच माणसाकडे दोन कागद येतात. एक साधा तक्रार अर्ज, दुसरा माहितीच्या अधिकाराखालील अर्ज. पहिला महिनोन्महिने पडून राहतो, दुसऱ्याला बहुधा तीस दिवसांच्या आत उत्तर जाते. माणूस तोच, त्याचा मनोनिग्रह तोच. फरक इतकाच की दुसऱ्या कागदाच्या विलंबासाठी दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत, दंड जबाबदार अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जाऊ शकतो. विलंबाला किंमत लागताच विलंब आटोक्यात येतो. मग ज्या कामांत तो आटोक्यात येत नाही तेथे आपण किंमत लावलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या सेवेतील मंडळी यावर दोन बचाव मांडतात. पहिला बचाव सावधगिरीचा: घाईने घेतलेला निर्णय चुकतो. खरे आहे, पण सावधगिरीत काही काम चाललेले असते, चालढकलीत ते नसते. फाईल तीन महिने कपाटात राहिल्याने तिच्यातील माहितीत एका ओळीचीही भर पडत नाही.

दुसरा बचाव भीतीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. प्रामाणिक निर्णयाबद्दलही चौकशीचे शुक्लकाष्ठ मागे लागू शकते, हे मला ठाऊक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील ज्या उपकलमाखाली गैरहेतू नसतानाही, केवळ दुसऱ्याचा आर्थिक लाभ झाला म्हणून अधिकारी अडकू शकत असे, ते २०१८ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. ते योग्यच झाले. पण रखडलेल्या कागदांपैकी हजार कोटींच्या निविदा किती आणि वैद्यकीय देयके, वेतननिश्चिती, निवृत्तिवेतन, ना-हरकत प्रमाणपत्रे किती? शिपायाचे वैद्यकीय देयक मंजूर केले म्हणून कोणाच्या दारी तपास यंत्रणा आल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मोठ्या निर्णयांची भीती पुढे करून लहान निर्णय टाळणे हा शुद्ध कांगावा आहे.

शिवाय या विलंबाचा बाजार होतो. १९६४ साली संथानम समितीने नोंदवले की कामाला गती देण्यासाठी पैसे देण्याची प्रथा विलंबाच्या आश्रयाने फोफावते. त्याच वर्षी नॅथॅनिएल लेफ या अर्थशास्त्रज्ञाने उलट मांडणी केली की लाच हे प्रशासनाच्या चाकांना घातलेले वंगण आहे. गुन्नार मिर्डाल यांनी १९६८ च्या ‘एशियन ड्रामा’ या ग्रंथात भारतातील अनुभवाच्या आधारे हा युक्तिवाद खोडून काढला: विलंबासाठी पैसे मिळू लागले की विलंब मुद्दाम निर्माण केला जातो. म्हणून प्रामाणिक पण टाळाटाळ करणारा अधिकारी स्वतःला निरुपद्रवी समजत असेल तर तो त्याचा भ्रम आहे. त्याने ताटकळत ठेवलेली माणसे दलालाच्या दारात जाऊन उभी राहतात.

विलंबाचे मोजमाप मोठ्या प्रकल्पांत डोळ्यांना दिसते. उत्तर प्रदेशातील शरयू कालव्याचे काम १९७८ साली सुरू झाले आणि २०२१ च्या डिसेंबरात त्याचे लोकार्पण झाले. शंभर कोटींच्या आतला अंदाज दहा हजार कोटींच्या आसपास गेला. भूसंपादन, निधी, राजकारण ही कारणे खरीच. पण त्रेचाळीस वर्षांत ‘चर्चा करावी’ किती वेळा लिहिले गेले असेल, याची कल्पनाच करावी. याउलट कोकण रेल्वे. १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ च्या जानेवारीत, सह्याद्रीतील बोगदे आणि खोल दऱ्यांवरचे पूल पार करून, संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. श्रीधरन यांच्या प्रकल्पांवर उलटी चालणारी घड्याळे असत. मुदतीला किती दिवस उरले ते प्रत्येकाला दिसे. नियम, न्यायालये आणि लेखापरीक्षक त्यांच्यासाठी वेगळे नव्हते.

कायदे आपण केले नाहीत असे नाही. महाराष्ट्राच्या दफ्तर दिरंगाई कायद्यानुसार साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ फाईल एकाकडे राहू नये. सेवा हमीचा कायदा मध्य प्रदेशाने २०१० साली प्रथम आणला, महाराष्ट्राने २०१५ साली. केंद्रात २०२१ नंतर फाईलचे टप्पे चारपर्यंत आणण्याचा प्रयत्न झाला. आता ई-फाईलमुळे कागद कोणाकडे किती दिवस आहे हे संगणकावर दिसते. पण आपण फाईलचा प्रवास मोजतो, निर्णय मोजत नाही. सहाव्या दिवशी शंका काढून फाईल खाली पाठवली की तो अधिकारी तत्पर ठरतो! म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत:

१. सर्व शंका एकदाच, पहिल्याच टिपणीत मांडणे बंधनकारक असावे. नंतर नवी शंका काढायची तर ती आधी का सुचली नाही याचे कारण लिहावे.
२. ‘चर्चा करावी’ या शेऱ्याखाली चर्चेची तारीख असावी. तारीख नसल्यास शेरा रद्द समजावा.
३. नागरिकाच्या प्रत्येक प्रकरणात पहिल्या पानावर थांबलेल्या माणसाचे नाव आणि तो किती दिवसांपासून थांबला आहे हा आकडा असावा.
४. उपदान प्रशासकीय कारणाने लांबल्यास व्याज देण्याची आणि जबाबदारी निश्चित करण्याची तरतूद निवृत्तिवेतन नियमांत आहे. तेच तत्त्व नागरिकांच्या इतर देण्यांनाही लागू करावे.

व्यक्तीपुरते सांगायचे तर इच्छाशक्तीवर भिस्त ठेवू नये. एरिएली आणि व्हेर्टेनब्रोख यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, ज्यांनी स्वतःहून टप्प्याटप्प्याच्या मुदती घेतल्या त्यांचे काम मुदत नसलेल्यांपेक्षा सरस ठरले. बाहेरून समान अंतराने लादलेल्या मुदती त्याहूनही उपयुक्त ठरल्या. म्हणून मुदत जाहीर करावी, दुसऱ्याला सांगून ठेवावी. दिवसाची पहिली फाईल सर्वांत नकोशी असावी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हा हिशेब स्वतःच्या घरालाही लावून पाहावा. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी सात-बाऱ्यावर वारसनोंद नाही, मृत्युपत्र ‘पुढच्या सुट्टीत’ करायचे आहे, बँकेत नामनिर्देशन कोरे आहे, अशी किती घरे दिल्लीत, भोपाळला, बंगळूरला सापडतील! येथेही किंमत दुसराच मोजणार आहे: पत्नी किंवा मुले, आणि तीही बहुधा आम्हा चर्चाप्रेमी लोकांच्याच दारात.

न घेतलेल्या निर्णयावर कोणाचीही सही नसते, म्हणून त्याचा जाबही कोणाला विचारला जात नाही. प्रशासनाच्या सुधारणेची सुरुवात तो जाब विचारण्यापासून व्हायला हवी. निर्णय न घेणे हाही निर्णयच आहे. त्याखाली नाव, हुद्दा आणि तारीख लिहिणे आपण सक्तीचे केले पाहिजे.