30 वर्षे की 14?

"माझी पुंजी किती दिवस पुरेल ते मोबाइल काय सांगणार? ते वरचा जाणे!" जालन्यातल्या मस्तगडच्या चहाच्या टपरीवर पेन्शनचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानी पडते. निवृत्तीचा हिशेब करून देणाऱ्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवरचा हा राग अगदीच अनाठायी नाही. पण म्हणून हिशेबच सोडून देणे महागात पडते.

आक्षेप पहिला : ही साधने परदेशी गणितावर चालतात. बरोबर आहे. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढावेत आणि पुढे ती रक्कम महागाईइतकी वाढवत न्यावी, हा त्यांतल्या अनेकांचा पाया. विल्यम बेंगेन यांनी तो 1994 साली अमेरिकेतल्या शेअर-रोख्यांच्या इतिहासावरून, 30 वर्षांच्या मुदतीसाठी मांडला. जालन्यात पोस्टात नि बँकेत पैसे ठेवणाऱ्याने तो डोळे मिटून घेऊ नये. पण नियम परका म्हणून वजाबाकी काही परकी होत नाही.

आक्षेप दुसरा : उत्तर दर वेळी वेगळे येते. येणारच! पुंजी 40 लाख, खर्च महिना 25,000, व्याज सात टक्के धरा, आणि वर्षाचा खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच एकदम काढला असे समजा. महागाईच्या रकान्यात शून्य ठेवले तर पैसे सुमारे 30 वर्षे पुरतात. तिथे सहा टक्के लिहिले, म्हणजे खर्च दरसाल तेवढा वाढत गेला, की उरतात 14. मधली 16 वर्षे महागाईने खाल्ली, आणि शिव्या मात्र कॅल्क्युलेटरला! पडताळा कागदावरही घेता येतो. व्याज आणि महागाई सारखीच असेल तर 40 लाखांना वर्षाच्या 3 लाखांनी भागा. 13 वर्षे आणि थोडे महिने येतात.

आक्षेप तिसरा : किती जगायचे तेच ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणूनच नव्वदीपर्यंतचा हिशेब मांडायचा. पैसे उरले तर नातवंडांचे. सरले तर आपले हाल.

जुन्या पेन्शनवाल्या गुरुजींना ही कटकट नव्हती. महागाई भत्ता वाढला की पेन्शन आपोआप वाढे. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सरकारी नोकरीत आलेल्यांची ती सोय गेली. मार्च 2023 च्या संपातली 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा त्याच पोटतिडिकीतून आली. स्टील मिलमधल्या कामगाराला तर घोषणा द्यायलाही जागा नाही. पीएफची पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही; 2014 साली तिची किमान रक्कम ठरली, ती 1,000 रुपये. या माणसाचा हिशेब त्याने स्वतः केला नाही तर कोण करणार?

मात्र तो रीतीने करावा. आधी हमीचे उत्पन्न बाजूला काढावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 रुपये हातात पडतात. त्यातून किराणा, लाइटबिल, बीपीच्या गोळ्या भागतील. पण हे व्याज मुदतभर तेवढेच राहते, किराणा राहत नाही. म्हणून वाढत्या खर्चासाठी उरलेली रक्कम कॅल्क्युलेटरला लावावी, तीही महागाई पाच, सहा, आठ टक्के अशी तीनदा धरून. दुखण्याखुपण्याचा पैसा वेगळा ठेवावा. मोठे आजारपण आले की छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि तिथल्या बिलाला कॅल्क्युलेटरमध्ये सहसा रकाना नसतो. भाचीच्या लग्नातल्या आहेरालाही नसतो. ते आपणच धरायचे. दर एप्रिलला हिशेब नव्याने करावा.

साठीत 14 हा आकडा दिसला तर हातात उपाय असतात. खर्च 25,000 वरून 20,000 वर आणला की त्याच पुंजीला 18 वर्षे मिळतात. त्यावर आणखी दोन वर्षे काम केले तर त्याहून जास्त. तोच आकडा चौऱ्याहत्तरीत, रिकाम्या पासबुकावरून कळला, तर पोरांपुढे हात पसरण्यावाचून गत्यंतर नाही.