घंटा ऐकू न येणाऱ्या घरी

बार्देश व साष्टी येथे १५४३ सालापासून पोर्तुगीज अंमल होता. तेथे वाड्यावाड्यावर क्रूस उभा आहे आणि सायंकाळी आंजेलुसची घंटा पुष्कळ घरांत ऐकू येते. पेडणे व डिचोली हे महाल मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे तर १७८८ साली, त्या अमलाखाली आले. म्हणून किनाऱ्याकडचे हरमल, मांद्रे यांसारखे गाव सोडले तर येथे आपली घरे थोडी आणि विखुरलेली. शेजारच्या अंगणात तुळशीपुढे दिवा लागतो, आपल्या घरात क्रुसापुढे मेणबत्ती लागते, आणि चर्च दूर राहते. अशा घरातील श्रद्धा रोजच्या रोज कशावर जगते, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

कोणी म्हणतील, तेर्सावर. खरे आहे. पन्नास वेळा ‘नमो मारिया’ म्हणताना निम्मे मन चुलीवरच्या पेजेत असते म्हणून आम्ही त्या माउलीला हसणार नाही; पेज उतू गेली तर लेकरे उपाशी राहतील. परंतु आजीने म्हटले, आईने म्हटले, म्हणून आम्हीही म्हणतो, एवढ्यावरच जी श्रद्धा उभी असते, ती आजीची असते. आपली व्हावयाची ती अजून राहिलेली असते.

या बाबतीत बाणावलीचे संत जुझे वाझ आम्हांस फार आठवतात. त्यांचा जन्म १६५१ चा. १६८७ साली ते सिलोनात उतरले तेव्हा तेथे डचांचे राज्य होते, कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती आणि सुमारे तीस वर्षे जाफन्याच्या लोकांनी उघड मिस्सा पाहिला नव्हता. वाझबाब भिकाऱ्याच्या वेषात, गळ्यात जपमाळ घालून दारोदार फिरले, असे सांगतात. ती माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, ते पाहावयाचे. आणि ओळख उमटली! पुढे १७११ साली कँडीत त्यांचा अंत झाला आणि २०१५ साली ते संतपदी चढले. आम्हांस मात्र त्या अनाम कुटुंबांचा विचार अधिक सुटत नाही. पाद्री नाही, घंटा नाही, आणि पकडले जाण्याचे भय. तरीही बापाने लेकाच्या कानात प्रभूचे नाव सांगितले. ज्याला स्वतः त्या प्रभूशी बोलावयाची सवय नव्हती, त्याने ते सांगितले असते काय?

आमच्याकडे बंदी नाही. अडचण वेगळी आहे. डिचोलीतील खाणी २०१२ साली थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली परत थांबल्या. ज्यांचे ट्रक हप्त्यांवर घेतलेले होते त्यांच्या घरी रात्रीची झोप उडाली. पेडण्यात मोप येथे २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. नोकऱ्या मिळाल्या हे चांगलेच, परंतु पाळी रात्रीची असली की तेर्साच्या वेळी मुलगा घरी नसतो. एका क्रुसापुढे सारे घर गुडघे टेकील, असा दिवस आठवड्यात एखादा उरतो.

मग त्या मुलाने काय करावे? आमचे मत असे की, त्याने घरच्या तेर्साची उणीव भरून काढण्याच्या मागे लागू नये. बसमध्ये बसल्यावर दहाच मणी म्हणावे, पण सावकाश. आणि मध्येच थांबून प्रभूला त्या दिवसाची खरी गोष्ट सांगावी. हप्ता थकला असेल तर हप्त्याची, साहेबाचा राग आला असेल तर रागाची. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने दार लावून करावयाच्या प्रार्थनेविषयी सांगितले आहे. बसला तसले दार नसते, तरी डोळे मिटता येतात. घरी आईने त्याच वेळी त्याचे नाव घ्यावे.

संत जुझे वाझ यांचा सण १६ जानेवारीस येतो. त्या रात्री ज्या घरी सर्वजण जमतील, तेथे तेर्स संपल्यावर प्रत्येकाने, अगदी धाकट्यानेही, एक मागणे पाठ न केलेल्या शब्दांत मोठ्याने मागावे. पहिल्यांदा मुले लाजतील. त्यांच्याआधी बापाने सुरुवात करावी.