सुट्टीपुरतं पिल्लू

घरोघरी / गृहस्थ

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की मला ठरावीक फोन यायला लागतात. या सदरात आमच्या भुऱ्याचा उल्लेख अधूनमधून येतो, त्यामुळं कुत्र्यांच्या बाबतीत मला काहीतरी कळतं असा लोकांचा समज झालाय. बोलणंही ठरलेलं असतं. ‘पोरांना सुट्ट्या लागून राहिल्या भाऊ. दिवसभर मोबाइल घेऊन बसतील. एखादं पिल्लू आणावं म्हणतो. तेवढीच जबाबदारीची सवय लागेल. कोणतं आणू?’

मी म्हणतो, आणू नका. निदान उन्हाळ्यात तरी आणू नका. समोरचा जरा दुखावतो. ज्याच्या स्वतःच्या घरात कुत्रं आहे त्यानं असं म्हणावं, हे त्याला पटत नाही. फोनवर एवढं सगळं सांगणं होत नाही, म्हणून आज इथं सांगतो.

आधी पिल्लाचं वेळापत्रक बघा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असं श्वानपैदाशीचे २०१७ चे नियम सांगतात. त्या सुमारास पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. हे सगळं पुरं होईपर्यंत डॉक्टर त्याला रस्त्यावर, इतर कुत्र्यांत जाऊ देत नाहीत, कारण पार्वो नावाचा उलट्या-जुलाबाचा रोग पिल्लाला दोन-चार दिवसांत संपवू शकतो. म्हणजे एप्रिलमध्ये आणलेलं पिल्लू जवळजवळ सुट्टीभर घरातच. मुलांच्या डोळ्यांपुढं असतो तो बागेत चेंडूमागं पळणारा कुत्रा. हाती येतं ते मात्र रात्री रडणारं, दिवसा झोपणारं आणि जागं असेल तेवढा वेळ फरशी पुसायला लावणारं बाळ. ते बाहेर पडण्याजोगं होतं न होतं तोच शाळा उघडते. आमच्या विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडा-पंधरवडा उशिरा सुरू होतात, तेवढीच काय ती सवलत.

मग सकाळी व्हॅन, दुपारी शिकवणी, संध्याकाळी आणखी कसला तरी क्लास. जन्मल्यापासून ज्यानं भरलेलं घरच पाहिलं, ते पिल्लू अचानक बाल्कनीत एकटं. ते ओरडतं, चपला फाडतं. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येते. गणपती येईपर्यंत कळतं की त्याला ‘शेतावर दिलं’. कोणाच्या शेतावर, हे मी आता विचारत नाही.

त्यातून नागपूरचा उन्हाळा. आपल्याला अंगभर घाम येतो म्हणून आपण निभावतो. कुत्र्याला घाम फुटतो तो पंजाच्या गाद्यांना, तोही नावापुरता. बाकी सारी मदार जिभेवर. धापा टाकायच्या, तोंडातला ओलावा उडून जाऊ द्यायचा आणि त्यातून अंग गार करायचं. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपल्याला १०२ म्हणजे शाळेला दांडी, त्याला १०२ म्हणजे तब्येत ठणठणीत. पण तिथून पुढं १०५-१०६ काही फार लांब नाही, आणि तिथं उष्माघाताची हद्द सुरू होते. या गावचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंश सेल्सिअसला टेकला होता. २०२४ च्या मेअखेरीला तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. भुऱ्या त्या दुपारी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून उठायला तयार नव्हता. खात्याचा खुलासा त्याच्यापर्यंत पोचला नसावा.

कूलर आणि कुत्र्याची जीभ एकाच तत्त्वावर चालतात, ही गोष्ट थोरलीला विज्ञानाच्या पुस्तकातून नव्हे, मागच्या मे महिन्यात आमच्या बैठकीतच कळली. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही दारं-खिडक्या घट्ट लावून कूलर सोडायचो. तासाभरात खोलीभर दमटपणा. भुऱ्याच्या धापा वाढायच्या. तिनंच एकदा समोरची खिडकी वीतभर उघडली आणि त्याच्या धापा हळूहळू कमी झाल्या. कोंडलेल्या दमट हवेत पाणी उडून जायला जागाच राहत नाही, मग ताट्याही हरतात आणि जीभही. म्हणूनच मृगाचा पहिला पाऊस पडला की माणसं सुटकेचा श्वास टाकतात आणि कुत्र्याची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. पारा उतरलेला असतो, पण हवा पाण्यानं भरलेली असते.

कूलरपुढची जागा हा आमच्या घरातला उन्हाळ्याचा मुख्य राजकीय प्रश्न. आजी रोज दुपारी म्हणते, ‘याले कूलर कायले पाहिजे? आमच्या गावात कुत्रे बाभळीखाली पडून राहत.’ असं म्हणत म्हणत तीच पायानं त्याचं गोणपाट झोताच्या दिशेला सरकवते. मुलांना हे दिसतं. मुलांना सगळं दिसतं.

दिवस पाचला सुरू होतो. सहानंतर फिरायला नेण्यात अर्थ नाही. नागपुरातले सिमेंटचे रस्ते दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब धरून बसतात. आपल्या पायात चपला असतात म्हणून ते जाणवत नाही. हाताची उलटी बाजू रस्त्यावर ठेवायची आणि सात अंक मोजायचे. तोवर हात ठेवता आला नाही तर कुत्र्याला तिथं चालवायचं नाही. हे काम धाकट्यानं स्वतःकडं घेतलंय. संध्याकाळी साडेसातला तो फाटकाबाहेर उकिडवा बसतो, हात टेकवतो, मोठ्यानं मोजतो आणि ‘अजून नाही’ असा निकाल देऊन आत येतो. एखाद्या खात्याचा अभियंता असावा अशा थाटात. निकालाविरुद्ध दाद नाही.

आंब्याच्या दिवसांत त्याच्याकडं दुसरं खातं येतं, कोयींचं. आमच्याकडं गावरान आंबे पाटीनं येतात. रस करून झाला की कोयी चोखायला मुलांची झुंबड, आणि चोखलेली कोय कुठंही पडते. कुत्र्याला तिच्यात माणसाइतकाच रस. ती गिळली गेली तर आतड्यात अडकते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर राहत नाही. म्हणून जितके आंबे पिळले तितक्या कोयी ताटात मोजून द्यायच्या, हा नियम. पाहुण्यांनाही लागू. मागं एका मामेसासऱ्यांना त्यानं दिवाणाखाली वाकायला लावलं होतं. द्राक्षं आणि बेदाण्यांना तर बंदीच आहे. ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. पशुवैद्यकांना अलीकडं संशय आहे तो त्यातल्या टार्टारिक आम्लाचा, त्यामुळं आजीची चिंचेची बरणीही आता वरच्या फळीवर गेलीय. त्याबद्दल तिनं अजून मला माफ केलेलं नाही.

पण उन्हाळ्याचा खरा शत्रू गोचीड. जाहिरातीतल्या गोंडस कुत्र्याच्या अंगावर तुम्हाला तो कधी दिसणार नाही. उष्णता वाढली की त्यांची पैदास वाढते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी अंगावरून उतरते, भिंतीवर चढते आणि चिरेत, दाराच्या चौकटीमागं अंडी घालते, शेकड्यांनी नव्हे, हजारांनी. म्हणजे कुत्रा स्वच्छ केला तरी घर तसंच. आमच्याकडं रात्री जेवणं झाल्यावर अंगणातल्या दिव्याखाली थोरली चिमटा घेऊन बसते. कानाच्या मागं, पंजाच्या बोटांमध्ये, मानेच्या पट्ट्याखाली. गोचीड मुळाशी धरायचा, सरळ वर ओढायचा आणि साबणाच्या पाण्याच्या वाटीत टाकायचा. बोटांनी चिरडायचा नाही. भुऱ्या डोळे मिटून पडलेला असतो. तेराव्या वर्षातली मुलगी एरवी आई-बापाशी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. इथं मान खाली, हात कामात, त्यामुळं शाळेतलं, मैत्रिणींचं, भांडणांचं सगळं आपोआप बाहेर येतं. मी शेजारी वाटी धरून बसतो आणि शक्यतो तोंड उघडत नाही. या चिमट्याचा असा उपयोग होईल हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. अर्थात नुसत्या चिमट्यावर भागत नाही. डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं औषध लागतंच. गोचिडांपासून होणारा ताप कुत्र्याच्या रक्तातल्या पेशींवर उठतो, आणि जेवण सोडलं म्हणून दवाखान्यात न्यावं तर तोवर बराच उशीर झालेला असतो.

आता ‘जबाबदारीची सवय’. या कल्पनेवर माझा खरा राग आहे. मुलगा गृहपाठ विसरला तर शिक्षा त्याला होते. मुलगा पाण्याचं भांडं भरायला विसरला तर शिक्षा भुऱ्याला होते, तीही मे महिन्यात. ज्या धड्याची किंमत दुसऱ्यानं तहानलेलं राहून मोजायची, तो धडा कसला? मुलांना कामं जरूर द्यावीत. आमची मुलं भांडं विसळतात, कूलरची टाकी भरतात, रस्ता मोजतात. पण भांडं रिकामं आहे का हे पाहणं माझं काम, आणि ते माझंच राहणार. महापालिकेचा परवाना माझ्या नावावर, लसीचं कार्ड माझ्या कपाटात, कोणाला चावलं तर पोलिसांत बोलावणं मला. आठ वर्षांच्या पोराकडून आपण वीजबिल भरण्याची जबाबदारी घेत नाही. मग एक जीव त्याच्यावर कसा सोपवायचा?

उलट मुलांपासून कुत्र्याला आणि कुत्र्यापासून मुलांना सांभाळण्याचं कामही मोठ्यांनीच करायचं असतं. मुलांना चावण्याच्या घटनांत कुत्रं बहुतेक वेळा ओळखीचंच असतं. उन्हानं त्रासलेला कुत्रा गार कोपरा शोधून पडतो. तिथं त्याला मिठी मारायला जाणारं मूल प्रेमानंच जातं, पण कुत्र्याला ते प्रेम त्या क्षणी नको असतं. भुऱ्या उठून गेला की त्याच्या मागं जायचं नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम. नखांनी ओरखडलं तरी घरी सांगायचं, त्याबद्दल रागावणार नाही, हेही मुलांना आधीच सांगून ठेवलंय. रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत ४० टक्के मुलं पंधरा वर्षांखालची असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मार बसेल या भीतीनं मुलं गप्प बसतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद नको, मिरची तर नकोच.

मग मुलांना यातून काहीच मिळत नाही का? मिळतं की. जे बोलू शकत नाही त्याच्याकडं नीट बघायची सवय लागते. धाकट्याला आता हिरड्यांच्या रंगावरून, कानांवरून, धापांच्या आवाजावरून भुऱ्याचं बरं-वाईट समजतं. मागच्या आठवड्यात त्यानं आजीचा चेहरा बघून विचारलं, ‘आजी, तू पाणी प्यायली का?’ आजीनं विषय चिंचेच्या बरणीकडं वळवला, पण पाणी प्यायली.

कोणतं आणू, याचं उत्तर राहिलंच. विदर्भात हस्की पाळणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, वीज गेली की काय करता? सैबेरियाच्या बर्फासाठी दुहेरी केसांचा कोट घेऊन जन्मलेलं जनावर एसीच्या भरवशावर ठेवायचं आणि रीलमध्ये दाखवायचं, ही मला हौस वाटत नाही. चपट्या नाकाच्या पगचंही तेच. धापा टाकण्यावर ज्याचा जीव, त्याचा श्वासाचा मार्गच आखूड. मुधोळ हाउंड आपल्याकडच्या हवेतला, देखणा, पण तो पळण्यासाठी घडलेला आहे, दोन खोल्यांत तो झुरतो. भुऱ्या रस्त्यावरचा. आमच्या गल्लीतल्या एका नळाखाली सापडलेला. बारीक अंग, आखूड केस, उभे कान. या मातीत पिढ्यान्‌पिढ्या तगलेलं शरीर. ऊन त्यालाही लागतं, पण त्याला सावली शोधायची अक्कल आहे, आणि ती आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

हे सगळं ऐकूनही ज्यांना आणायचंच आहे त्यांना मी म्हणतो, शाळा चालू असताना आणा. डबे, गणवेश, ऑफिस, शिकवणी अशी सगळी धावपळ ऐन भरात असेल तेव्हा. त्या गडबडीत पिल्लाला किती वेळ देता येतो, पाचला खरंच कोण उठतं, दुपारी घरी कोण असतं, हे आठवडाभरात कळेल. पिल्लालाही पहिल्या दिवसापासून तुमचं खरं घर दिसेल.

परवा एकाला हेच सांगितलं, तर तो म्हणाला, ‘म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत आणतो.’

‘फटाके असतात,’ मी म्हणालो. ‘दिवाळी होऊ द्या. दुसरं सत्र सुरू झालं की आणा. शक्यतो सोमवारी.’