दुसरा ‘पी’ कोणासाठी?

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरची सहावीतली मुलगी इंग्रजीची वही घेऊन आली आणि काही न बोलता ती माझ्यापुढे उघडून बसली. पानावर तळं, तळ्यात बेडूक. खाली वाक्य: ‘द फ्रॉग इज हॉपिंग’. पण ‘हॉपिंग’मध्ये एकच ‘पी’, म्हणजे बेडूक उड्या मारायच्या ऐवजी आशा करत बसलेला. शब्दाभोवती लाल गोल आणि समासात शेरा, ‘दहा वेळा लिहा’. तिनं लिहिलं होतं. दोन ‘पी’ घालून, वळणदार अक्षरात, दहाच्या दहा वेळा बरोबर. मी म्हटलं, “आता ‘स्टॉपिंग’ लिही बघू.” तिनं लिहिलं. एक ‘पी’.

‘दहा वेळा लिहा’ या शेऱ्याबद्दल या जागेवर मी पुष्कळ लिहिलं आहे. मागच्या खेपेला एका शिक्षिकेनं कळवलं होतं की इंग्रजी स्पेलिंगला नियमच नाहीत, मग घोकण्यावाचून इलाज काय? त्यांचं म्हणणं मनातून जात नव्हतं. रविवारी त्याचं उत्तर त्याच मुलीच्या दप्तरात सापडलं.

तिची मराठीची वही मागितली. ‘फुलांचा हार’, ‘गरिबाला मदत’, ‘बहिणीचं पत्र’. सगळं बरोबर. विचारलं, “फूल लिहिताना दीर्घ ऊ आणि फुलांचा लिहिताना ऱ्हस्व उ, असं का?” ती लगेच म्हणाली, “प्रत्यय लागला की शेवटून दुसरं अक्षर ऱ्हस्व होतं. बाईंनी सांगितलंय.” म्हणजे शब्दाला शेपूट जोडलं की त्याच्या पोटात बदल होतो, ही समजूत या मुलीकडे पक्की आहे. इंग्रजीच्या तासाला मात्र हे तिला आधीच येतं, याची कोणी दखलच घेत नाही.

आता ‘हॉपिंग’ घ्या. देवनागरीत हॉपिंग आणि होपिंग हा फरक स्वरावर दिसतो: हॉ आणि हो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ओ’च. कोणता ‘ओ’ आखूड आणि कोणता लांब, हे पुढचं अक्षर सांगतं. ‘एच-ओ-पी-ई’ मधला शेवटचा ‘ई’ स्वतः बोलत नाही, तो मागच्या ‘ओ’ला लांबवतो. ‘आयएनजी’ जोडताना तो ‘ई’ गळतो आणि त्याचं काम ‘आयएनजी’मधला ‘आय’ करतो. मग ‘हॉप’चा आखूड ‘ऑ’ वाचवायचा कसा? मध्ये आणखी एक ‘पी’ उभा करून. तो दुसरा ‘पी’ उच्चारासाठी नाहीच. तो स्वराच्या राखणीला आहे.

आणि आपली मुलं नेमकी इथेच अडतात. मराठीत जे दुहेरी लिहितो ते दुहेरी बोलतो. पता आणि पत्ता यांतला फरक कानाला कळतो. या मुलीच्या कानाला ‘हॉपिंग’मध्ये ‘प’ एकदाच ऐकू आला, म्हणून तिनं तो एकदाच लिहिला. तिच्या भाषेच्या शिस्तीनं ती अगदी बरोबर होती. काही मुलं उलट बाजूनं अडतात, दोन ‘एम’ दिसले की ‘समर’ला ‘सम्मर’ वाचतात. दोन्हींचं मूळ एकच, आणि दोन्हीकडे आपण फक्त लाल शाई वापरतो.

एकदा हे कळलं की नियम लहानसा आहे. एका ठोक्याचा शब्द, त्यात स्वराचं अक्षर एक, शेवटी व्यंजन एक. मग ‘आयएनजी’, ‘ईडी’, ‘ईआर’ जोडताना ते व्यंजन दुप्पट. रन, सिट, स्विम, बिग, सगळे त्यात बसतात. ‘हेल्प’च्या शेवटी दोन व्यंजनं, ‘रेन’मध्ये स्वराची दोन अक्षरं, म्हणून ते बाहेर. ‘बिगिन’ला दुसरा ‘एन’ लागतो आणि ‘व्हिजिट’ला दुसरा ‘टी’ लागत नाही, कारण जोर कुठे पडतो ते वेगळं. हे आठवीत सांगितलं तरी चालेल.

अपवादांचं काय, असं त्या शिक्षिका विचारतील. अपवाद मराठीलाही आहेत. फूल-फुलाला, पण शरीर-शरीराला. कारण शरीर संस्कृतातून जसाच्या तसा आला, तो आपली दीर्घ वेलांटी सोडत नाही. इंग्रजीतही शब्दाचं माहेर पाहावं लागतं. सेमीच्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘स्टमक’, ‘केमिकल’ आणि ‘मशीन’ भेटतात, तिन्हींत ‘सीएच’. पहिले दोन ग्रीकच्या घरचे, म्हणून ‘क’. ‘मशीन’ फ्रेंचच्या घरून आला, म्हणून ‘श’. सहावीतल्या मुलाला तत्सम आणि तद्भव सांगता येतं, तर हे का सांगता येऊ नये? ‘आय आधी, ई नंतर, मात्र सीनंतर उलटं’ हे तेवढं सोडून द्यावं. ‘सायन्स’ या शब्दातच ते मोडतं, आणि तो शब्द मुलं रोज वेळापत्रकात लिहितात.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पाव शतक उलटलं, तरी मराठीच्या आणि इंग्रजीच्या बाई एकाच शिक्षकखोलीत डबा खातात आणि एकमेकींच्या वह्या पाहत नाहीत. मराठी लेखनाचे नियम 1962 साली ठरले, 1972 साली त्यांत भर पडली. ते शिकवायला वेळ जातो, तेवढा इंग्रजीला द्या, असं पालक मला ऐकवतात. माझं म्हणणं वाचकांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगते: तो वेळ इंग्रजीच्याही खात्यात जमा होतो. माझ्याकडे पाहणीचे आकडे नाहीत, दोन वह्या आहेत. ज्या मुलांना ‘गरिबाला’ का ते सांगता येतं, त्यांना ‘रनिंग’ समजायला उशीर लागत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्या दिवशी आम्ही वहीच्या मागच्या पानावर वीसेक शब्द लिहिले. चुकले तीन. बुधवारी संध्याकाळी जिन्यात तिनं मला अडवलं. “काकू, ‘फिक्स’मध्ये स्वर एक, शेवटी अक्षर एक. मग ‘फिक्सिंग’ला दोन ‘एक्स’ का नाहीत?”

मी म्हटलं, “एक्स म्हणून बघ मोठ्यानं.”

ती दोनदा पुटपुटली. “क्स. क्स.” मग दप्तर खांद्यावर सरकवत म्हणाली, “अहो, हे तर आधीच जोडाक्षर आहे!”