मीटर खोटं बोलत नाही, जागा खोटी असते

माती परीक्षणाचा नमुना बांधावरून, झाडाखालून किंवा शेणखताच्या ढिगाशेजारून घेऊ नका, हे आपल्याला शंभरदा सांगून झालंय. प्रयोगशाळा कितीही भारी असो, ती पिशवीतल्या मातीचा अहवाल देते, शेताचा नाही. हे आपल्याला पटतं. मग गाडीच्या धुराबाबत हेच का पटत नाही? आज त्यावरच भांडायचं आहे.

आमच्याकडे जुनी कार्बोरेटरवाली ८०० आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून ती सकाळी आचके द्यायची. ऊस आपलाच, त्यामुळं इथेनॉलशी माझं भांडण नाही. पण हिशोब समजून घ्या. १ किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, म्हणून २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ किलो पुरते. कॉम्प्युटरवाली गाडी आपोआप जुळवून घेते. कार्बोरेटरचा जेट मात्र जुन्याच मापाचा, म्हणून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त नि इंधन कमी.

अंदाजानं जेट बदलण्यापेक्षा मोजावं म्हणून वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणला. साधा सेन्सर फक्त जाड की पातळ एवढंच सांगतो, हा आकडा देतो. गॅरेजवाल्यानं तो पार मागं, सायलेन्सरच्या शेपटाजवळ, पाइपाच्या खालच्या अंगाला बसवला. म्हणाला, "धूर पुढं काय न मागं काय, एकच की!"

गाडी उभी असताना मीटर १७ दाखवायला लागलं. "लई पातळ चाललीय," म्हणून त्यानं स्क्रू सोडला, मोठा जेट घातला. पंधरा दिवसांत प्लग काजळीनं काळे, इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास, आणि ॲव्हरेज १६ वरून १२ वर. मीटर सांगतं गाडी उपाशी आहे, प्लग सांगतो अजीर्ण झालंय. अशा वेळी मी प्लगचं ऐकतो.

दोष सापडला तो सायलेन्सरच्या सांध्यात. धूर पाइपातून सलग धारेनं जात नाही, ठोक्याठोक्यानं जातो. दोन ठोक्यांच्या मध्ये दाब पडतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पाइपाच्या उघड्या तोंडातूनही, विशेषतः गाडी उभी असताना, हवा माघारी शिरते. सेन्सर ऑक्सिजन मोजतो. तो इंजिनातून आला की फटीतून, हे त्याला कसं कळणार?

मग कुठं बसवायचा? माझं म्हणणं स्पष्ट आहे.

एक, सगळ्या सिलेंडरचे पाइप एकत्र आल्यानंतर. एकाच पाइपात बसवला तर एकाच सिलेंडरचं कळेल. एका ड्रिपरखाली बोट घालून सगळ्या एकराला पाणी पोचलं म्हणण्यासारखं ते आहे.

दोन, साध्या इंजिनाला मॅनिफोल्डपासून साधारण दोन ते तीन फुटांवर. टर्बो असेल तर टर्बोच्या पुढं नाही, मागं. आधी बसवला तर दाब आणि उष्णता दोन्ही त्याला सोसत नाहीत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर मात्र त्याच्या आधी, कारण कन्व्हर्टर धुराची घडणच बदलतो.

तीन, सेन्सरच्या आधी एकही गळका सांधा नको.

चार, पाइपाच्या वरच्या अंगाला, घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्ये. धुरात पाण्याची वाफ असते, थंड पाइपात तिचं पाणी होऊन तळाला साचतं. सेन्सरच्या आतला सिरॅमिकचा तुकडा ७५० अंशांच्या वर तापलेला असतो. त्यावर थेंब पडला की तडा गेलाच समजा. तापल्या तव्यावर पाणी मारून बघा.

आता लोक म्हणतील, पीयूसीवाला तर मागूनच नळी घालतो. घालतो, पण नळी चांगली आत सारतो आणि त्याच्या यंत्रातला पंप धूर ओढून घेतो. शिवाय त्याला विचारायचंय विष किती बाहेर पडतं. आपल्याला विचारायचंय जेट कोणता घालू. आणि सायलेन्सर फुटका असेल तर त्याचाही आकडा बिघडतोच.

दुसरे म्हणतात, कंपनी तर सेन्सर मॅनिफोल्डला चिकटवून बसवते. खरंय. पण तिथली उष्णता मोजून, हीटर कॉम्प्युटरच्या ताब्यात देऊन बसवते. आपण बाजारातलं मीटर लावणारी माणसं; आपल्याला थोडं अंतर राखलेलं बरं.

मी सांधा दुरुस्त केला, नवी जागा पाडून तिथं थ्रेडची बुश वेल्ड करून घेतली आणि जुना जेट परत घातला. मीटर लॅम्डावर ठेवलं, कारण लॅम्डा १ म्हणजे बरोबर, मग इंधन कुठलंही असो. चालत्या गाडीत आकडा आला १.०५. म्हणजे पातळ होती, पण थोडीच. एकच नंबर मोठा जेट घातला, ०.९७ वर आली. आचके गेले, प्लग विटकरी झाले.

एक लक्षात ठेवा: प्लग मिसफायर करत असेल तर न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि चांगल्या जागेवरचा सेन्सरही पातळच दाखवतो. म्हणून आधी प्लग, मग मीटर. आणि मीटर बंद ठेवून गाडी चालवू नका, थंड सेन्सरवर काजळी बसून तो मरतो.

गॅरेजवाल्यावर माझा राग नाही. राग आहे तो "कुठंही बसवा, चालतंय" या वृत्तीवर. हीच वृत्ती ओलाव्याचा सेन्सर बांधाच्या कडेला रोवते, पर्जन्यमापक झाडाखाली ठेवते आणि मग म्हणते, यंत्रात काही दम नाही. हजारो रुपयांचं मीटर घेताना आपण घासाघीस करतो. ते कुठं बसणार, हे मात्र वेल्डिंगवाल्याच्या सोयीवर सोडतो. पुढच्या वेळी गाडीखाली स्वतः वाकून जागा दाखवा आणि मगच वेल्डिंग करू द्या.